देवळीवरचा गर्डर

कापड विणायचे लूम घालायचे म्हणून भिवंडीत घरोघर मधल्या भिंती पडत होत्या, त्या काळात केसरीनाथ गवंड्याला जेवायची फुरसत नव्हती. अकलोलीकडचा माणूस, बोलायला तुटक, पण हात सरळ. भिंत पाडली की वरचा मजला लोखंडी गर्डरवर पेलायचा आणि गर्डरची टोकं दोन्हीकडच्या जुन्या विटांच्या भिंतींवर टेकवायची. टोकाखाली काळा दगड घातल्याशिवाय आणि दगडाखालची भिंत भरीव आहे की नाही हे ठोकून पाहिल्याशिवाय तो गर्डर उचलू देत नसे. त्यावरून भल्याभल्यांशी भांडला होता.

निजामपुऱ्यात अण्णा मास्तरांकडे मात्र तो भांडला नाही. साल सत्त्याऐंशी. गर्डरचं एक टोक नेमकं देवळीवर, भिंतीतल्या दिव्याच्या कोनाड्यावर येत होतं.

"वैनी, ही इटांनी भरावी लागंल. खाली पोकळ चालत न्हाय," तो मास्तरांच्या बायकोला, सुमतीबाईंना म्हणाला.

"सासूबाईंनी लावलेला दिवा आहे तो. मी असेपर्यंत बुजवायचा नाही." बाईंचे डोळे भरून आले.

केसरीनाथची आई राहीबाईही अशाच कोनाड्यात दिवा लावायची. तो विरघळला. देवळीच्या डोक्यावर शहाबादी फरशी आडवी टाकली, तिच्यावर दगड, दगडावर गर्डर. "काय न्हाय होत," म्हणून मोकळा झाला. भीड भिकेची बहीण, हे आयुष्यभर लोकांना ऐकवणारा हाच तो केसरीनाथ!

मास्तरांच्या मुलाने, माधवने, खाली चार लूम बसवले. दिवसरात्र घर हादरू लागलं. दोन वर्षांत देवळीच्या कोपऱ्यातून भेग वर चढली. केसरीनाथने तिच्यावर काचेची पट्टी सिमेंटने आडवी चिकटवली. भिंत सरकली तर काच तडकते. महिन्यात तडकली. दुसरी लावली, तीही गेली. पुढे अण्णा वारले, केसरीनाथचीही कामं सुटली, पण दर अमावास्येला तो येऊन भेग चाचपायचा. आधी नुसतं नख जाई, मग बोटाचं पेर जाऊ लागलं. बांधलेली शेकडो घरं तो विसरला, हे एक त्याच्या छातीवर बसलं होतं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीआधी तो सकाळीच आला. माधव लूमला तेल घालत होता.

"दोन दिस लूम हलव. टेकू लावतो, देवळी भरतो. मजुरी नको मला."

"भरू दे रे," सुमतीबाई जिन्यातून म्हणाल्या. "हट्ट माझाच होता."

माधवने मान वर केली नाही. "ऑर्डर आहे, आई. एवढ्यात जमायचं नाही. आणि काका, 'काय न्हाय होत' हे तुम्हीच म्हणाला होतात. मी समोरच होतो."

"तवा खोटं बोललो रं मी," केसरीनाथ म्हणाला. पण माधवने बटण दाबलं होतं. चारही लूम खडखडू लागले आणि सात वर्षं घशात अडकलेलं ते वाक्य त्याच्या त्यालाही ऐकू आलं नाही.

सुमतीबाई तेलाची वाटी घेऊन खाली उतरल्या. देवळीपाशी थांबून त्यांनी खुणेनेच विचारलं, लावू ना?

काय सांगणार? दिवा लावला काय नि न लावला काय, वरचा भार तोच. त्याने मान डोलावली. त्यांनी देवळीत हात घालून वात सारखी केली, आणि तो हात बाहेर येईपर्यंत केसरीनाथ दोन्ही तळवे भिंतीला लावून उभा राहिला.