झाकणाखालची वाफ

भाताच्या पातेल्यावरचं झाकण खडखडू लागलं, की मला कर्जतच्या शाळेतला फळा दिसतो.

भिसेगावचा वसंता मला, पोशीरच्या भातशेतकऱ्याच्या पोराला, 'भातोबा' म्हणून चिडवायचा. त्या दिवशी मास्तरांनी बाटलीत पाण्यावर जमवलेल्या ऑक्सिजनच्या दाबाचं गणित घातलं. सोडवील त्याला वर्षभर पहिला बाक!

वसंतानं ऐटीत सगळा दाब ऑक्सिजनच्याच नावावर मांडला. चूक मला तेव्हाच दिसली. पण त्यानं उत्तराखाली दोन रेघा ओढेपर्यंत मी गोड हसत थांबलो.

"मास्तर, बाटलीत पाण्याची वाफपण हाय. तिचा दाब वजा नाय केला यानं. वसंता, भात शिजताना कधी बघितला नाय काय रं?"

वर्गात हशा पिकला. वसंताचे कान लालबुंद झाले आणि पहिला बाक माझा झाला.

या वयात त्याची दया यायला हवी. येत नाही. खडखडणारं झाकण मी अजूनही जरा उशिराच उचलतो.