भरतीचे शब्द

जपानमधल्या त्सुकुबाच्या विद्यापीठात मी ज्या कवितांवर संशोधन करते, त्या खरं तर वाईट आहेत. सतराव्या शतकातल्या कुणा इंग्रज पाद्र्यानं लॅटिनमधली नीतिवचनं आणि बायबलातली बोधवचनं इंग्रजी पद्यात आणली, आणि मी त्यांचा कीस काढत बसते. मूळ वचन चार-पाच शब्दांचं. पाद्र्याला मात्र दोन ओळी हव्यात, त्याही यमक जुळवून. मग उरलेली जागा तो पदरचं घालून भरतो. संयमाच्या वचनात त्याची विझलेली चूल येते, मैत्रीच्या वचनात चिखलाचा रस्ता. मुळात नसलेल्या अशा शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारायची, हे माझं काम. मी त्यांना भरतीचे शब्द म्हणते.

शुक्रवारी आमचं सामूहिक वाचन असतं. सगळ्यांनी एकच पुस्तक घ्यायचं, ज्याची पाळी त्यानं एक ओळ वाचून अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी गप्प बसून विचार करायचा, अशी इथली पद्धत. कधी कधी दोन ओळींत अख्खी दुपार जाते. आमच्या सेन्सेईंना, म्हणजे प्राध्यापकांना, घाई कशी ती ठाऊकच नाही. सुरुवातीला मला त्या शांततेचं फार कौतुक होतं. आता तिच्यात डुलकी लागते. निशी-कसाईच्या घरून गाड्या बदलत यायचं, तसंच परत जायचं, आणि मार्चमध्ये नोकरीचा करार संपला की पुढे काय, ते कुणी सांगत नाही. मीही विचारायचं सोडलंय.

रविवारी पुण्याला बाबांना व्हिडिओ कॉल. बाबा निवृत्त शिक्षक, आई गेल्यापासून एकटेच असतात. त्यांना नातीशी बोलायचं असतं. माझी लेक इथेच जन्मली. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर जपानीतून देते. समजावून झालं, रागावून झालं, आइस्क्रीमचं आमिष दाखवून झालं. शेवटी मीच दोघांच्या मधे बसून दुभाषी झाले. आठवडाभर जे करते तेच रविवारी, फक्त बिनपगारी.

बाबा विचारायचे, "शाळेत काय शिकवलं गं?" ती जपानीत म्हणायची, विशेष काही नाही. मी सांगायचे, "गणित शिकवलं म्हणे. आजोबांनी जास्त छान समजावलं असतं म्हणतेय." बाबांचा चेहरा खुलायचा, आणि तो खुललेला पाहिला की माझी जीभ आणखी सैल सुटायची. नातीला आजोबांची आठवण येते, नातीला त्यांच्या हातचे पोहे हवेत. लेक माझ्याकडे बघून नुसते खांदे उडवायची.

गेल्या रविवारी मी फार दमले होते. बाबा कुंडीतल्या मोगऱ्याबद्दल काहीतरी लांबण लावून सांगत होते. लेक पुटपुटली, "इत्सु ओवारु?" मी सवयीनं सुरू केलं, "ती विचारतेय, आजोबांकडे कधी जायचं. तुमची फार आठवण येते तिला, शाळेतसुद्धा..."

"थांब," बाबा म्हणाले. "ती दोनच शब्द बोलली. मला ऐकू येतं अजून. ती म्हणाली तेवढंच सांग."

खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. "हे कधी संपणार, असं विचारतेय."

बाबांनी मान हलवली. या दोघांमधलं उरलंसुरलं मी आता माझ्या हातानं तोडलं, असं मला वाटलं. ते नातीला म्हणाले, "जा बाळ, खेळ जा." ती उठली. दारातून वळून तिनं त्यांना हात हलवून दाखवला. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग बाबा माझ्याकडे वळले.

"इतके रविवार आठवण काढत होतीस ती तूच ना?"

मला रडू आलं. मी नुसतं हो म्हटलं.

"मग तसं सरळ सांगायचं की," बाबा म्हणाले. "मी काय फक्त नातीसाठी बसतो होय इथे?"