रिमोटवरचं लहानसं बटण

दादा गेल्यापासून त्याची रिमोटवरची गाडी माळ्यावरच पडून होती. काल मी ती खाली काढली. ब्रशने माती झाडली, चाकांना तेल सोडलं, नवी बॅटरी घातली. पुढची चाकं वळवणारी बारीक सळई वाकलेली दिसली, म्हणून तीही बदलली. मग अंगणात सोडून पाहिली, तर गाडी सारखी डावीकडे ओढायची आणि कुंडीवर आदळायची.

सगळं पुन्हा तपासलं. दोष गाडीत नव्हताच. चाकं सरळ राखायला रिमोटवर एक लहानसं बटण असतं, ते दादाने पार डावीकडे फिरवून ठेवलं होतं. वाकडी सळई बदलायचा त्याला कंटाळा, म्हणून त्याने हातातला रिमोटच तिच्याशी जुळवून घेतला होता.

"भावोजी, चहा झालाय!" वहिनी ओरडल्या. दादाला ऐकू कमी यायचं. मी दारातच होतो, तरी आवाज तोच. त्या स्वतःच दचकल्या. मग हळू म्हणाल्या, "अजून सवय जात नाही हो."

माणसाचं उणं त्याच्याबरोबर जातं. ते सांभाळताना आपल्याला पडलेला बाक मात्र मागे राहतो.

बटण मधोमध आणायला एक क्षण पुरला असता. अंगठा त्यावर ठेवलाही होता. मग डब्यातून ती वाकडी सळई शोधली आणि परत बसवली.

गाडी फाटकापर्यंत सरळ गेली.