सव्वीस जणींची स्पर्धा

अठरा वर्षांची असल्यापासून मी पुण्यातल्या बुद्धिबळ स्पर्धा खेळले, आणि बहुतेक स्पर्धांत अख्ख्या सभागृहात मी एकटीच बाई असायचे. समोरचा पुरुष हरला की माझ्याकडे न बघता उठून जायचा. जिंकला तर शेजारच्यांना बोलावून डाव पुन्हा मांडून दाखवायचा. जेवणाच्या सुट्टीत सगळे घोळक्यानं बाहेर खायला जायचे आणि मी जिन्याखाली उभी राहून डबा संपवायचे. पुढे विमा कंपनीत नोकरी लागली. लग्न झालं नाही. आधी वडील गेले, मग आई गेली. संध्याकाळी ऑफिसमधून आले की पट मांडायचा आणि दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचं, असं माझं चालायचं.

पन्नाशी आली तेव्हा मनानं घेतलं, की एकदा तरी फक्त बायकांची खुली स्पर्धा भरवायची. बक्षिसं पुरुषांच्या स्पर्धेइतकीच. ऑफिसात बोलले तर समोरच्या टेबलावरचे गृहस्थ फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "घ्या की. जोडीला भिशी ठेवा, म्हणजे गर्दी होईल."

खर्च काढायला बसले आणि डोळे उघडले. पुरुष खेळाडू एकटा येतो, कुणाच्या तरी खोलीवर पथारी टाकतो. मुलगी येते ती आईबरोबर, नाहीतर वडिलांबरोबर. म्हणजे जितक्या खेळाडू, त्याच्या दुप्पट माणसांची राहण्या-जेवणाची सोय. शिवाय सभागृहाचं भाडं, भाड्यानं आणायचे पट आणि घड्याळं, पंचांचं मानधन, संघटनेकडे मान्यतेसाठी भरायची रक्कम. हे सगळं प्रवेश फीतून काढायचं म्हटलं तर फी दुप्पट होणार. आणि फी वाढली की घरात आधी मुलीचं नाव कापलं जातं, मुलाचं नाही, हे मी पुष्कळ घरांत बघितलं होतं. म्हणजे प्रायोजक हवा.

हिंजवडीत तेव्हा नुकत्याच काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून तिथल्या एका कंपनीत गेले. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेला एक तरुण मुलगा भेटला. फार अदबीनं वागला.

"मॅम, आयडिया खूप छान आहे. पण ऑडियन्स किती येईल?"

"बुद्धिबळाला प्रेक्षक नसतात. आले तरी गप्प बसतात."

"मग आमचा बॅनर बघणार कोण?"

तो लिफ्टपर्यंत सोडायला आला, आणि लिफ्ट येईपर्यंत आम्ही दोघं बंद दाराकडे बघत उभे राहिलो.

त्यानंतरच्या चार महिन्यांत मी अकरा ठिकाणी गेले. कुठे चहा मिळाला, कुठे तोही नाही. घरी आल्यावर आज काय झालं, हे विचारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे नकार पचवायचं काम लवकर उरकायचं.

शेवटी ऑफिसातल्या शिपायानं हडपसरजवळच्या मांजरी गावातल्या एका घराचं नाव काढलं. घराणं शेतकऱ्याचं, बऱ्याचशा जमिनीवर आता इमारती चढत होत्या. मालक बिल्डर. त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता आणि त्यांच्या बायकोला महापालिकेला उभं करायचं घाटत होतं. मी एका रविवारी गेले. रस्त्याच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला बांबूंचे परांचे. बाई स्वतःच बाहेर आल्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, डोक्यावर पदर.

"बसा मॅडम. मला त्यातलं काय बी कळत न्हाई. पण बायकांचं हाय म्हणला म्हणून म्हटलं, ऐकू तरी."

मी पर्समधला छोटा पट उघडला. त्या एकेक सोंगटी उचलून बघायला लागल्या.

"ह्यो राजा. आन् ह्यो?"

"वजीर. सगळ्यांत ताकदवान."

"आन् ह्यात बाई कोन हाय?"

"कुणीच नाही. इंग्रजीत वजिराला राणी म्हणतात. आपल्याकडे वजीरच."

त्या हसत सुटल्या. "म्हंजी हितं बी न्हाईच!"

मग झरझर बोलणं झालं. हडपसरचं एक मंगल कार्यालय त्यांच्या नात्यातलं होतं. पौषात लग्नं नसतात, म्हणून तीन दिवस मिळेल. नव्या इमारतीत चार फ्लॅट विकायचे राहिले होते, तिथे गाद्या टाकू. जेवण त्यांच्याकडून. माझा विश्वास बसेना.

"बक्षिसाला मात्र पैठण्या देऊ," त्या म्हणाल्या. "पयल्या तिघींना. फोटो बी चांगला येतो."

"अहो, या मुलींना पुढच्या स्पर्धेला जायला गाडीभाडं लागतं. रोख दिलंत तर फार बरं होईल."

आतल्या खोलीत त्यांचे मालक फोनवर मोठ्यानं बोलत होते. बाईंनी तिकडे एकदा बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "तेवढं माझ्या हातात न्हाई, मॅडम."

अट एकच होती. शेवटच्या दिवशी त्याच आवारात त्यांचं संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं होतं. मी हो म्हटलं. रोख बक्षिसांसाठी दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन आईनं माझ्या नावावर ठेवलेली मुदत ठेव मोडली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "काही अडचण?" मी म्हटलं, "नाही, घरचं कार्य आहे."

सव्वीस जणी आल्या. मी चाळीस धरल्या होत्या. सोलापूर, सांगली, नाशिक, बाकीच्या पुण्याच्या. सगळ्यांत लहान नऊ वर्षांची, सगळ्यांत मोठी एक निवृत्त मुख्याध्यापिका. पहिल्या फेरीला पंचांनी घड्याळं सुरू करायला सांगितलं आणि तेरा पटांवर एकदम शांतता पसरली. मी दारात उभी होते. आयुष्यभर असं सभागृह बघायची इच्छा होती. ते समोर होतं, आणि मला त्यात जागा नव्हती. आयोजकाला खेळता येत नाही. जेवणाची पानं किती, हे विचारायला आचारी मागे येऊन उभा होता.

शेवटच्या दिवशी अकराच्या सुमाराला आवारात टेम्पो आणि जीपगाड्या लागल्या. दोनेकशे बायका उतरल्या. लाउडस्पीकर सुरू झाला. आत शेवटची फेरी चालली होती, पहिल्या दोन पटांवर पहिला नंबर ठरायचा होता. सोलापूरची मुलगी कानांवर हात दाबून बसली. पंच माझ्याकडे बघायला लागले. मी धावत बाहेर गेले.

"ताई, तासभर आवाज बंद ठेवा. हात जोडते."

त्या दिवशी बाई नव्या साडीत होत्या, घामाघूम. चिडल्याच. "अवं मॅडम, पैसं आमचं, आन् बोलायचं बी न्हाई का आमी?"

"एकदा आत येऊन बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

काय वाटलं कुणास ठाऊक, त्या आल्या. दारातच थबकल्या. सव्वीस माना खाली, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. बाईंनी बाहेर जाऊन स्पीकरवाल्याला हातानंच खूण केली. आवाज बंद झाला. मग त्या परत आत आल्या आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर माझ्या शेजारी बसल्या.

मला वाटलं, पाच मिनिटं बसतील. त्या पाऊण तास बसल्या. मध्ये एकदाच माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "इतका येळ एका जागी गप बसू देत्यात ह्यांना? घरात मला न्हाई देत कुनी." आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. पन्नाशीपर्यंत पुष्कळ माणसांच्या शेजारी बसले असेन, पण त्या पाऊण तासाइतकी सोबत मला फार वेळा मिळालेली नाही. मग दारात त्यांचे मालक आले. त्यांनी बोटानं बोलावलं आणि त्या उठल्या.

सोलापूरची मुलगी पहिली आली. फोटो झाले, भाषण झालं, पैठण्या बाईंनी दिल्या, रोख पाकिटं मी माझ्या हातानं दिली. गर्दी पांगल्यावर ती आईला घेऊन माझ्याकडे आली.

"मॅडम, ही पैठणी दुकानात परत घेतील का? पुढच्या महिन्यात नागपूरला खेळायचंय. तिथे हॉटेलात राहावं लागेल."

दुकान परत घेणार नव्हतं, हे मला माहीत होतं. मी पर्समध्ये उरलं होतं तेवढं तिला दिलं आणि पैठणी घेतली. मुलगी खूश झाली. आई मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला शोभेल हो." संध्याकाळी भाड्याचे पट मोजून टेम्पोत चढवले आणि हडपसरहून बसनं घरी आले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी मांजरीला फोन केला. बाई निवडून आल्या होत्या.

"औंदा न्हाई जमायचं, मॅडम," त्या म्हणाल्या. "ह्ये म्हणत्यात, आता काय गरज हाय? निवडून तर आलीय."

"तुमच्याकडे स्वतःचा काही निधी..."

"सह्या माझ्या असत्यात. बाकी समदं ह्येच बघत्यात." मग त्यांनी विचारलं, "त्यो खेळ एकटीला खेळता येतो का वं?"

"येतो. मी तसाच खेळते."

"मग हरतं कोन?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून त्यांना कुणीतरी हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

आणखी दोन-तीन ठिकाणी जाऊन बघितलं. मोडायला दुसरी ठेव नव्हती. शेवटी आदल्या वर्षीच्या सव्वीस जणींना फोन करून स्पर्धा होणार नाही, हे सांगायचं ठरवलं. कुणी "बरं" म्हणालं, कुणाला आपण गेल्या वर्षी आलो होतो हे आठवायलाच वेळ लागला. मुख्याध्यापिकाबाईंच्या सुनेनं सांगितलं, त्या श्रावणात गेल्या.

सर्वांत शेवटी सांगलीला लावला, त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या घरी. तिची आई बोलत होती.

"मग आता हिनं कुठे खेळायचं हो? रोज विचारते, पुण्याला कधी जायचं."

मी तिला जानेवारीतल्या, पुरुषांबरोबर खेळायच्या दोन खुल्या स्पर्धांच्या तारखा सांगितल्या. तिनं त्या लिहून घेतल्या.

"तिथे मुली किती असतात?"

मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "हिच्या वडिलांना विचारून बघते," आणि माझे आभार मानून तिनं फोन ठेवला.