हळद लागलेला माल

सुकापूरच्या नाक्यावर, उंच इमारतींच्या मध्ये कसाबसा तग धरून राहिलेल्या एका पत्र्याच्या गाळ्यात ठमाबाई कोळी मासळी विकते. बाई तोंडाची फटकळ. फार घासाघीस करणाऱ्याला "मंग भाजी खा" म्हणून ती सरळ वाटेला लावते, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं तिच्यापुढे येऊन उभा राहतो. याचं कारण तिचा शब्द. "खराब निघाली तं परत आन, वाद नाय," हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. एकदा एका बाईनं शिजलेल्या कालवणाचं पातेलंच आणून तिच्यापुढे आदळलं होतं. ठमाबाईनं झाकण काढून वास घेतला, बाईला ताजे बोंबील दिले आणि वर पातेलं घासून दिलं.

गेल्या वर्षापासून तिचे गुडघे कुरकुरायला लागले. रोज पहाटे टेम्पोत बसून करंजा बंदरावर जायचं आणि ओल्या धक्क्यावर बोली लावायची, हे आता झेपेना. बंदरात क्रेन चालवणारा तिचा मुलगा परेश म्हणाला, "आये, गाल्यात फ्रीझर ठेव. एक दिस माल आन, दोन दिस ईक." फ्रीझर घेतला तो नवीन पनवेलला फ्रीझरचं दुकान असलेल्या शैलेशकडून. शैलेशची बायको मिताली दर रविवारी ठमाबाईकडूनच पापलेट नेणारी, तेव्हा आपल्या माणसाकडून वस्तू घेतलेली बरी, असा मायलेकाचा हिशोब.

फ्रीझर आला आणि ठमाबाईनं त्याची पूजा केली. घरात नवी होडी आली की करतात, तशीच. नारळ फोडला, अगरबत्ती ओवाळली आणि पांढऱ्याशुभ्र झाकणावर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली. फ्रीझर जेमतेम चार दिवस नीट चालला. मग मोटर नुसतीच घरघरायला लागली आणि बर्फाचं पाणी व्हायला लागलं. दुकानाचा मेकॅनिक येऊन बघून गेला. दोष मुळातच आहे, पीस बदलावा लागेल, असं त्यानंच सांगितलं.

पण ठमाबाई दुकानात गेली तेव्हा मेकॅनिकनं काढलेले झाकणाचे फोटो बघून शैलेश अडला.

"मावशी, डाग पडलेला पीस कंपनी परत घेत नाही. वापरलेला माल धरतात."

"मशीन बिगारलाय तो हलदीनं बिगारलाय काय?"

"तसं नाही हो. पण नियम आहे. आठ दिवस वापरून बघायचं, मग पूजा करायची."

आता नव्या वस्तूला हळदकुंकू आठ दिवसांनी लावावं, हे कुठल्या पंचांगात लिहिलंय कोण जाणे! ठमाबाईनं गाळ्यात येऊन झाकण साबणानं घासलं. साबण लागला तशी हळद लालभडक झाली आणि डाग आणखीच पसरला. तिला रडूच आलं. म्हणजे पुन्हा पहाटेचा टेम्पो आला आणि पुन्हा तो धक्का आला. तेही परक्यानं नाही, आपल्या माणसानं आणलं.

त्या शनिवारी बरीच पापलेटं उरली. फ्रीझर कधी चालायचा, कधी नाही. ठमाबाईनं त्यातच ती ठेवली. रविवारी सकाळी झाकण उघडलं तर आत कोमट पाणी. तिनं कल्ले उघडून पाहिले. लाली गेली होती. असा माल ती एरवी मांजरांपुढे टाकते. पण तेवढ्यात समोर मिताली येऊन उभी राहिली, हसत, कापडी पिशवी पुढे करत. मिताली मासा कधी बघून घ्यायचीच नाही. "तुम्ही द्याल ते," एवढंच म्हणायची.

ठमाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. ह्यांच्या फ्रीझरचा माल ह्यांच्याच घरी जाऊ दे! तिनं त्यातली तीन पापलेटं उचलली, साफ केली आणि मितालीच्या पिशवीत घातली.

दुपारी गाळा बंद करायच्या वेळी मिताली परत आली. हातात स्टीलचा डबा. चेहरा ओशाळलेला.

"मावशी, हळद-मीठ लावून ठेवलं आणि मग वास आला. आधी बघायला हवं होतं, माझंच चुकलं. आता हळद लागल्यावर तुम्ही तरी कसं परत घेणार?"

हळद लागलेला माल परत घेत नाय! वाक्य ठमाबाईच्या जिभेवर तयार होतं. नवऱ्याचं बोलणं बायकोच्या पदरात टाकायची अशी संधी पुन्हा आली नसती. तिनं डब्याचं झाकण उघडलं. पिवळी झालेली पापलेटं आणि तो वास. इतक्या वर्षांत असा वास तिनं जाणूनबुजून कुणाच्या घरी धाडला नव्हता. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"तुजा काय चुकला नाय," ती म्हणाली. "तुमच्याच फ्रीझरमदली हायेत ती. खराब हायेत ते ठावं होता मना. रागानं दिली मी तुला."

ठमाबाईनं डबा धुतला, त्यात ताजी पापलेटं भरली आणि तो तिच्या हातात दिला. मिताली डबा घेऊन गेली.

संध्याकाळी शैलेश टेम्पोतून दुसरा फ्रीझर घेऊन आला. "मितालीनं सगळं सांगितलं," तो खाली बघत म्हणाला. "कंपनीशी काय ते मी भांडतो." त्यानं लाल डागांचा फ्रीझर उचलून नेला. नवा चांगला निघाला. ठमाबाई आता एक दिवसाआड बंदरावर जाते. गुडघे जरा शांत आहेत. नव्या झाकणावरही हळदकुंकू आहे, तेही पहिल्याच दिवशी लावलेलं.

पुढच्या रविवारी मिताली येईल की नाही, याची ठमाबाईला धास्ती होती. मिताली आली. पिशवीही पुढे केली. पण "तुम्ही द्याल ते" काही म्हणाली नाही. ती खाली वाकली, एक पापलेट उचललं आणि नवशिक्या बोटांनी त्याचा कल्ला उघडायला लागली. तिला ते जमेना.

ठमाबाईनं पापलेट तिच्या हातातून घेतलं आणि स्वतःच कल्ला उघडून तिच्यापुढे धरला.