साइट उघडली, ढावलो गेला

बाचा फोन आला तेव्हा मी दिग्रसच्या माझ्या दुकानात एका कापसाच्या जिनिंगवाल्याच्या वेबसाइटवर त्याच्या मशीनचे फोटो चढवत होते. बा म्हणाला, "बाई, तुही याडी आज लागूनच नाही राह्यली. पांढरं फट पान येते नुस्तं."

याडी म्हणजे आमच्या बंजारा तांड्यात आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. बा फुलसावंगीकडच्या तांड्यात एकटा राहतो, आणि सकाळी चहा घेताना मोबाइलवर तिचा ढावलो लावतो. नवरी सासरी निघताना माहेरच्यांच्या गळ्यात पडून जे सुरात रडते, तो ढावलो. माझ्या लग्नाआधी याडी मला तो शिकवायला बसली तेव्हा मी मोबाइलमध्ये भरून घेतला होता. एरवी ती म्हणायचीच नाही. घरात लग्न नसताना ढावलो काढला की घरातलं माणूस जातं, असं तिचं पक्कं मत. म्हणून ते एकच रेकॉर्डिंग. मधेच ती मला झापते, "हासू नोको, दम घे," तेही त्यात होतं.

ती गेल्यावर मी तांड्याच्या गाण्यांची साइट बनवली आणि ते त्यावर टाकलं. माझा जुना मोबाइल पुढे पाण्यात पडून गेला. बाच्या मोबाइलची मेमरी भरली तेव्हा त्यातलं रेकॉर्डिंग मीच काढून टाकलं. तो कुरकुरला होता. मी म्हटलं, "साइटवर हाय न बा, आता जाते कुठं?" मोठी आली शहाणी!

आदल्या संध्याकाळी, साइटवर गाणी साठवून वाजवणारा जो जोडप्रोग्राम, प्लगइन होता, त्याला मीच अपडेट मारलं होतं. मारलं आणि दुकान बंद करून घरी गेले, साइट उघडून बघितलीही नाही. बॅकअप घेतल्याशिवाय कशाला हात लावू नका, हे मी गिऱ्हाइकांना ओरडून ओरडून सांगते. घरच्या साइटचा बॅकअप मात्र जागा खातो म्हणून बंद केला होता.

बिघाड तसा किरकोळ होता. सर्व्हरवर जाऊन प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं, की तो आपोआप बंद पडला आणि साइट उभी राहिली. आता त्याचं जुनं व्हर्जन परत टाकायचं, एवढंच उरलं होतं. पण बा दर पाच मिनिटांनी फोन करून राह्यला होता. "झालं काय? झालं काय?" माझं डोकं तापलं. "थांब न बा जरा, कायले जीव खातं!" असं खेकसले त्याच्यावर. आणि हा भिकारडा प्लगइनच नको म्हणून डिलीट दाबलं. त्यानं विचारलं, यातला सगळा डेटाही पुसला जाईल, चालेल का? असले प्रश्न दिवसातून दहा वेळा येतात, मी वाचतही नाही. होय म्हटलं.

नवा प्लगइन टाकला तर गाण्यांची यादी रिकामी. आधी मी घाबरले नाही. मग एकेक फोल्डर उघडत गेले, एकातही गाणं नव्हतं. होस्टिंगवाल्यांना फोन केला. पलीकडची पोरगी फार गोड बोलली, पण त्यांच्याकडेही काही नव्हतं. तांड्यातली बाकीची गाणी पुन्हा गाऊन घेता आली असती, गाणाऱ्या बाया होत्या. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मोठ्यानं रडले.

हे फोनवर सांगायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुसदची बस धरली, तिथून फुलसावंगी, मग तांडा. बा अंगणात खाटेवर बसला होता. मोबाइल कानाला दाबून धरलेला.

"आली काय? साइट उघडली पाय. याडीचा फोटो दिसते, सारं दिसते. पण आवाज नाही येऊन राह्यला. कानच गेले वाटते माहे."

एक क्षण, खरं सांगते, माझ्या मनात आलं की हो म्हणावं. कानाच्या डॉक्टरकडे नेऊ म्हणावं. बानं ते मुकाट्यानं मानलं असतं. मग मी खाली बसले आणि सांगितलं, "बा, कान बरोबर हायेत. आवाजच नाही राह्यला. माह्या हातानं गेला."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मोबाइल खाटेवर पालथा ठेवला. 

"मंग तूच म्हण," तो म्हणाला. "तिनं तुले शिकवला न? तुह्या गळ्यात हाय तो."

"घरात लग्न नाही, बा."

"आता कोण मरते घरात? म्हण."

मी डोक्यावर ओढणी घेतली. सुरुवात केली. दीड ओळ झाली आणि पुढे काहीच नाही. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथंच अडले. मी तो कधी पाठच केला नव्हता. मोबाइलमध्ये आहे, पाठ कायले करायचा? लग्नात पदराआड मी नुसते ओठ हलवत होते आणि माझ्या मागून, माझ्या वाट्याचा ढावलो याडी म्हणत होती. सगळ्या तांड्याला वाटलं, पोरगी काय सुंदर रडते.

"राहू दे," बा म्हणाला. "मले तवाच मालूम होतं. तिचा आवाज मले नाही समजत काय?"

मग तो उठला आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेला.