होडीतली मागची जागा

लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी मला सासूचा धाक घातला होता. सासू बिचारी अगदी गरीब निघाली. माझा जीव जाळला तो नणंदेनं, आणि तोही वर्षातून एकाच सकाळी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दारणेच्या पाण्यावर.

आम्ही राहतो शहरात, गंगापूर रोडला, पण दिवाळी सासरी, दारणेच्या काठच्या गावात. गावापासून थोडं वर, नदीच्या ऐन पात्रात एक खडकाळ बेट आहे आणि त्यावर आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या देवींचं ठाणं, शेंदूर लावलेले सात दगड. घरातल्या भावा-बहिणीनं होडीतून तिथे दहीभाताचा नैवेद्य न्यायचा, ही या घराची रीत. नदीवर पूल झाला, शेताला डांबरी रस्ता झाला, पण बेटावर अजून पाण्यातूनच जावं लागतं. तळ दगडगोट्यांचा, पाणी कमरेएवढं, आणि धरणातून पाणी सोडलेलं असलं की ओढ भलतीच. तिथे वल्ही चालत नाहीत. होडीत उभं राहायचं, लांब बांबू तळाला टेकवायचा आणि सगळा जोर लावून होडी प्रवाहाविरुद्ध रेटायची. पुढे माझा नवरा, मागे त्याची थोरली बहीण अक्का, कळवणला दिलेली. आणि मी? मी नैवेद्याची पाटी मांडीवर घेऊन अक्काच्या पायाशी.

नवरा एकदाही मागे वळून बघायचा नाही. तो उजवीकडे रेटायला लागला की मागून अक्काचा बांबू आपोआप त्याच्याशी जुळवून घ्यायचा. घरी दूध संपलंय हे या माणसाला सांगून सांगून माझं तोंड दुखतं, आणि इथे पाठीमागच्या बहिणीचं सगळं त्याला न बोलता कळायचं. परत येताना दोघं लहानपणीचं काहीतरी आठवून खिदळायचे. मी रिकामी पाटी धरून बसायची. मला तिचा हेवा वाटायचा असं म्हणणं फार सोज्वळ होईल. माझा जळफळाट व्हायचा. घरात त्याच्याशी माझं भांडण व्हायचं, समेट व्हायचा, सगळं व्हायचं, पण होडीत उभी असलेली ती आणि बसलेली मी, यात काही फरक पडत नव्हता. मला ती मागची जागा हवी होती.

एकदा मी गुपचूप गंगापूर धरणावर जाऊन बोटिंगही करून आले. तिथलं पाणी वाटीत वाढलेल्या आमटीसारखं गप्प. त्याचा इथे काडीचा उपयोग नव्हता.

यंदा दिवाळीच्या तोंडावर अक्काचा फोन आला. "वहिनी, माझा खांदा आखडलाय गं. डाक्टर म्हनतो हात वर करायचा नाय. औंदा मागं तू उभी राहा. मी नुसती बसते होडीत, म्हंजे रीत मोडायची नाय."

"अगंबाई, फार दुखतंय का हो?" मी आवाज जमेल तितका पडेल ठेवून विचारलं. मनात उकळ्या फुटत होत्या.

दिवाळीचे दिवस मी फराळाऐवजी पाण्यावर काढले. होडीत नवरा नि मी, काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत अक्का, हात गळ्यात बांधलेला. तिच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नव्हतं. "बांबू म्होरं टाकू नको, तुझ्या मागं टेकव. मग हात चढव त्याच्यावर." "टोकाकडं काय बघती? वर बघ, पानी कुठं फुटतंय ते बघ." "दगडाच्या मागं पानी गप आसतंय, तिथं दम खा." एकदा माझा बांबू दोन दगडांत अडकला. "सोड! बांबू सोड!" ती ओरडत होती. मी कसली सोडते! होडी नवऱ्याला घेऊन माझ्या पायांखालून निघून गेली आणि मी क्षणभर बांबूला लटकून धप्पकन पाण्यात. नवरा पोट धरून हसला. अक्का हसली नाही. "लय घट्ट धरती तू," एवढंच म्हणाली.

भाऊबीजेच्या संध्याकाळपर्यंत मी बेटाच्या अलीकडच्या बाभळीपर्यंत होडी न्यायला शिकले होते. तळहातांना फोड आले होते, आणि जेवताना नवऱ्याला दिसतील असे मी ते ताटाशेजारी ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून मागे उभी राहिले. अक्का होडीत पाय टाकताना मला एकदम कसंतरी झालं. थोरली नणंद, त्यात मांडीवर देवाचा नैवेद्य, तिला माझ्या पायाशी कशी बसवू? मी इतकी वर्षं जो अपमान गिळला तो तिला देण्याइतकी मी वाईट नव्हते. शिवाय माझा मोठेपणाही दिसला असता. "अक्का, तुम्ही पुढे बसा, मानानं," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पुढे जाऊन बसली. नवरा काठावर दोर सोडत होता. तो पाण्याकडे बघतच चढला, मागे न वळता तिच्या पुढ्यात उभा राहिला नि आम्ही निघालो.

बाभळीपर्यंत ठीक गेलं. पुढे पात्र अरुंद होतं, तिथे पाण्यानं होडीचं नाक धरलं आणि सर्रकन फिरवलं. मी रेटतेय, रेटतेय, पण होडी आडवी होऊन खाली निघाली आणि लव्हाळ्यात जाऊन रुतली. दहीभात थोडा सांडला.

"म्होरं जड झाली!" नवरा ओरडला. "अक्के, तू कशी काय म्होरं बसली? तुला कळत नाय व्हय?"

"तिनं मानानं बसवलं, मी बसले," अक्का म्हणाली. पाण्याकडे तोंड करून.

माझ्या बांबूचं टोक बोटभर चुकलं तरी काठावरून ओरडणारी ही बाई. तिला कळलं नव्हतं? तो तसा पाण्याकडे वळवलेला चेहरा मला चांगला ओळखीचा होता. कितीतरी दिवाळ्या मी तो घेऊन बसले होते.

"मग वजन कुठे पाहिजे?" मी विचारलं.

"मागं," नवरा लव्हाळ्यातून होडी सोडवत म्हणाला. "पाण्याच्या विरुद्ध जाताना नाक हलकं लागतं. म्हणून तर तुला कायम मागं बसवतो."

म्हणजे मी इतकी वर्षं मानापमान धरून बसले होते, आणि या दोघांना माझं फक्त वजन हवं होतं. गव्हाचं पोतं ठेवलं असतं तरी भागलं असतं. अक्का उठली, होडीच्या कडेला धरत मागे आली आणि पाटी मांडीवर घेऊन माझ्या पायाशी बसली.

होडीचं नाक उचललं गेलं. मी बांबू मागे टेकवला, हात चढवले, रेटलं. नवऱ्याचा बांबू पुढे पडला की माझा मागे पडत होता. अरुंद जागा आली. पाणी होडीच्या दोन्ही अंगांनी खळखळत मागे जात होतं आणि आम्ही बोट बोट वर सरकत होतो. एका दगडामागे दम खाल्ला, पुन्हा निघालो. नवऱ्याची पाठ सैल होती, खांदे निवांत. अशी पाठ मी पायाशी बसून दर दिवाळीला पाहिली होती, आणि आज ती माझ्यामुळे तशी होती.

बेट समोर दिसायला लागलं. तो मागे न बघताच म्हणाला, "अक्के, जरा डावीकडं घे."

माझा बांबू वरच्यावर राहिला. चूक त्याच्या ध्यानातही आली नव्हती.

"घेतली रे," माझ्या पायाशी बसलेली अक्का म्हणाली.

आणि मी बांबू टेकवून होडी डावीकडे घेतली.